नेटवर्क एरर म्हणे! १,२४,४५९ रुपयांना पडला

रविवारी रात्री खात्यावर शिल्लक होती १,२४,५००. सोमवारी पहाटे राहिली ४१. मधले १,२४,४५९ रुपये माझ्याच फोनमधून, माझ्याच बोटाने गेले. साखर कारखान्यात अकाउंटला ३१ वर्षं काढली आहेत मी, दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत टेबल न सोडणारा माणूस. त्यामुळे आकडे तरी चोख लिहितो. बाकी हसायचं त्यांनी हसून घ्या, पण पुढचं वाचा.

मुलगी शारजाला असते. नात सात महिन्यांची, नुकतीच रांगायला लागलेली. तिकडून व्हॉट्सॲपवर फोटो येतात, मेसेज येतात, पण कॉल लागत नाही; तिथल्या सरकारने तो बंद ठेवलाय, हे आखातात कुणी असलेल्या घराला सांगायला नको. बोटिम नावाचं कॉलिंग ॲप तिकडे चालतं, पण आमच्या कराडच्या नेटवर चित्र अडकायचं. नात एक हात उचलून गोठलेली आणि हसण्याचा आवाज पुढे निघून गेलेला. आमची ही रोज चिडायची. मग टेलिग्रामवर आखातात मुलं असलेल्या पालकांचा एक ग्रुप सापडला. तिथे एकाने एका कॉलिंग ॲपची लिंक टाकली होती. प्ले स्टोअरवर नाही, थेट फाइल उतरवून घ्यायची.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. बाहेरची एपीके, म्हणजे ॲपची अशी सुटी फाइल, टाकायची नाही, हे मीच शेजारच्या गुरुजींना दोनदा सांगितलंय. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली फाइल त्यांच्या फोनमधून मीच काढली होती. पण पत्रिका, चलान हे सगळं अनोळखी नंबरवरून आपल्याकडे चालून येतं. इथे तर शोधायला मी गेलो होतो! आणि लिंकखाली चाळीस-एक जणांनी ‘चालतंय’ म्हणून अंगठे दाखवले होते. ते चाळीस जण कोण असतील, हे आता कळतंय.

ॲप पडलं व्यवस्थित. उघडलं तर मधोमध लाल त्रिकोण: ‘नेटवर्क एरर. आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही. व्हीपीएन अपडेट करा.’ (व्हीपीएन म्हणजे आपलं नेट दुसऱ्या ठिकाणावरून फिरवणारी सोय.) खाली हिरवं बटण आणि त्याच्याखाली मदतीचा नंबर. एवढी सोय खरा बिघाड कधी करून देत नाही, पण तेव्हा वाटलं, किती व्यवस्थित लोक आहेत.

बटण दाबलं की दुसरी फाइल उतरायची आणि इन्स्टॉल म्हटलं की अडायची. प्ले प्रोटेक्टची, म्हणजे फोनमधल्या गुगलच्या पहारेकऱ्याची, पाटी यायची, की हे ॲप धोक्याचं आहे, अडवलंय. मी राउटर बंद-चालू केला. मोबाइलच्या डेटावर पाहिलं. डीएनएस बदलून पाहिलं, जागा रिकामी केली, फोन दोनदा रीस्टार्ट केला. पाऊण तास! आणि अक्कल बघा माझी. फाइल एकदा फोनमध्ये उतरली की ती बसवायला नेट लागतच नाही. विमान मोडवर टाकलेल्या फोनमध्येही एपीके बसते. जागा नसेल, त्याच ॲपची वेगळ्या डिजिटल सहीची आवृत्ती आधीच असेल, फाइल अर्धवट असेल किंवा फोननेच अडवली असेल, तर बसत नाही. नेटवर्कचा त्यात संबंध काय? हे मला माहीत होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे फोन मी बघून देतो. तरी नेटवर्क एरर हे दोन शब्द वाचले आणि राउटरशी झटत बसलो.

९ वाजून ४० मिनिटांनी त्या मदतीच्या नंबरवर फोन केला.

पलीकडचा पोरगा हिंदीत, अगदी मऊ. ‘अंकल, घबराइए मत, सबको आता है.’ आधी व्हीपीएनची वर्षाची फी, १४९ रुपये. ॲपमधल्याच एका पानावरून भरली. मग प्ले प्रोटेक्ट बंद करायला लावलं, ‘वो पुराने सर्वर को ब्लॉक करता है’ म्हणे. फाइल बसली. वर घड्याळाशेजारी किल्लीचं चिन्ह आलं, व्हीपीएन चालू. नंतर सायबरवाल्यांकडे कळलं की ही माणसं व्हीपीएनची परवानगी फोनमधलं संरक्षण बाहेरच्या जगापासून तोडायला वापरतात. म्हणजे रखवालदाराचं तोंड बांधलं, तेही मीच.

यापुढचा क्षण मला अजून झोपू देत नाही.

तो म्हणाला, सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा आणि आपलं ॲप चालू करा. गेलो. ॲपचं नाव राखाडी, दाबलं तरी हलेना. चौकट आली: प्रतिबंधित सेटिंग, तुमच्या सुरक्षिततेसाठी हे उपलब्ध नाही. फोन याहून जास्त काय बोंबलणार? अँड्रॉइड १३ पासून ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, बाहेरून टाकलेल्या ॲपला ही चावी सहजासहजी मिळू नये म्हणून. ज्याला ॲक्सेसिबिलिटी मिळाली त्याला आपला पडदा दिसतो, आपण काय टाइप करतो ते कळतं, आपल्या वतीने बटणं दाबता येतात. मी ती चौकट त्याला वाचून दाखवली. चोरालाच विचारलं, बाबा रे, फोन असं म्हणतोय. तो हसला. ‘अंकल, ये भी नेटवर्क का ही एरर है.’ मग ॲपच्या माहितीत जायचं, वर तीन ठिपके, प्रतिबंधित सेटिंगला परवानगी. तिथे फोनने शेवटचं विचारलं. बोटाचा ठसा मागितला.

मी अंगठा लावला.

आमच्या आज्याने सावकाराच्या कागदावर अंगठा लावून मळईची सव्वा एकर घालवली होती. त्याला वाचता येत नव्हतं. मी बी.कॉम. आहे, आणि वाचूनच लावला.

मग पडताळणीचे १० रुपये यूपीआयने भरायला लावले. दहा रुपयांसाठी नव्हे, पिन टाकताना बघायला. त्यानंतर पडदा काळा: ‘अपडेट होत आहे, फोनला हात लावू नका.’ टक्केवारी सरकत होती. ४, ९, ११. पोरगा म्हणाला, ‘रात को चार्जिंग पे रखिए, सुबह हो जाएगा.’ शिवाय दम दिला. व्हीपीएनचं कुणाला सांगू नका, शारजात पाच लाख दिरहम दंड आहे, बेटी अडकेल. आकडा खोटा नाही, तिथल्या २०२१ च्या कायद्यात दंड ५ लाखांपासून २० लाख दिरहमपर्यंत लिहिलाय. पण तो गुन्हा करायला किंवा लपवायला असली युक्ती वापरणाऱ्याला. मी कराडात, घरात बसलेलो! अर्धं खरं असलं की पुढचं खोटं घशाखाली उतरतं.

फोन चार्जिंगला लावून झोपलो. ११:१७ ला ४९,९००. ११:१९ ला पुन्हा ४९,९००. मग थांबले. यूपीआयची दिवसाची लाखाची मर्यादा जवळ आली होती, म्हणून बारा वाजू दिले असणार. १२:०४ ला २४,५००. मेसेज एकही वाजला नाही, आलेले तेच खात होते. पहाटे दूधवाल्याला ६२ रुपये पाठवायला गेलो तर अपुरी शिल्लक. तो म्हणाला, ‘असू द्या काका, उद्या द्या.’ त्याच्यासमोर उभा राहून फोनमधलं पासबुक उघडलं.

आणि तरी मी ११ वाजेपर्यंत कुणाला बोललो नाही. मुलीच्या भीतीने. हिलासुद्धा नाही. चुकलं, पण तुमचं पोर परदेशात असतं तर तुम्ही काय केलं असतं?

असं झालं तर आधी सिम काढा आणि वायफाय तोडा, फोन घाईने रिसेट करू नका, त्यात पुरावा असतो. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

आता मदत करणाऱ्यांची गोष्ट. १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लागला सहाव्यांदा. बाईंनी नीट ऐकून घेतलं, खोटं बोलणार नाही. पण प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हवा. तो ज्या फोनमध्ये, त्याचाच पडदा पुन्हा काळा! (शाखेतून उतारा घ्या, त्यात मिळतो.) शाखेत म्हणाले, आधी पोलिसांचा कागद. ठाण्यात म्हणाले, हे सायबरला. साताऱ्याला गेलो तर म्हणाले, रक्कम आणि हद्द बघता तुमच्याच ठाण्यात. ५२ किलोमीटर परत. तिथे अर्ज तीन प्रतींत, झेरॉक्सवाला जेवायला गेलेला. हवालदार अर्ज वाचता वाचता म्हणाला, ‘काका, शिकलेले दिसता की.’ हे वाक्य त्या दिवशी चार जणांनी म्हटलं. शिकलेल्याला लुटलं तर तो गुन्हा नसतो काय?

बँकेचं उत्तर १९ दिवसांनी आलं, तीन ओळींचं. ‘व्यवहार योग्य पिनने झाले असून ग्राहकाचा निष्काळजीपणा दिसतो.’ मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून घेऊन गेलो. त्यात स्वच्छ लिहिलंय की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. साहेबांनी ते उलटं धरून पाहिलं आणि म्हणाले, हेड ऑफिसला पाठवतो. पोच मागितली तर शिक्का सापडेना. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी चाळीस मिनिटं बसलो, मग शिक्का सापडला. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. मी एकतिसाव्या दिवशी केली.

मेसेज वाचायची, ॲक्सेसिबिलिटीची किंवा दुसऱ्या ॲपच्या नोटिफिकेशन वाचायची परवानगी मागणारं कॉलिंग ॲप असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. वर किल्ली दिसतेय आणि तुम्ही व्हीपीएन लावलेलं नाही, तर आत्ता उठा आणि बघा. आणि ज्या पडद्यावर एरर आहे, त्याच पडद्यावरच्या नंबरला फोन करू नका. दुखणं आणि डॉक्टर एकाच घरातले असतात.

मुलीला शेवटी आठवड्याने सांगितलं. ओरडली नाही. म्हणाली, ‘बाबा, राउटर आतल्या खोलीत आहे, तो हॉलमध्ये आणा.’ आणला. बोटिमवर आता चित्र अडकत नाही.

९९,९५९ रुपयांचा माग तीन खात्यांतून पुढे जाऊन एटीएमवर संपला. शेवटचे २४,५०० परराज्यातल्या एका खात्यात गोठवलेले सापडलेत. ते सुटायला मला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलंय, अर्ज दिलाय. मंगळवारी पुन्हा बोलावलंय, येताना मूळ पासबुक आणि तीन झेरॉक्स.