जनुकांची यादी तयार आहे, आता जीओ, केग की रिॲक्टोम?

आरएनए सिक्वेन्सिंगमधून (कोणतं जनुक किती सक्रिय आहे ते मोजणारी चाचणी) सक्रियता बदललेली ४०० जनुकं हाती आली, की त्यात कोणत्या प्रक्रिया अपेक्षेपेक्षा जास्त दिसतात ते तपासायचं असतं. त्यासाठी जीओ, केग आणि रिॲक्टोम हे तीन माहितीसंच आहेत; कशात तपासायचं हे प्रश्नावर ठरतं.

जीन ऑन्टोलॉजी (जीओ) हा १९९८ साली माशी, उंदीर आणि यीस्टच्या डेटाबेसकारांनी सुरू केलेला, जनुकांची कामं सांगणाऱ्या संज्ञांचा सामायिक शब्दसंग्रह. व्याप्ती सगळ्यात मोठी, म्हणून पहिली नजर टाकायला हाच. मात्र इथे खालच्या, नेमक्या संज्ञेला जोडलेलं जनुक तिच्या वरच्या, व्यापक अशा सगळ्या संज्ञांनाही आपोआप जोडलं जातं. त्यामुळे निकालातल्या ६० ओळींमागे पाच-सहाच कल्पना असू शकतात. क्लस्टरप्रोफाइलर या आर भाषेतल्या पॅकेजमधलं, सारख्या संज्ञा गाळणारं 'सिम्प्लिफाय' वापरा, साम्याची ०.७ ही मर्यादा बहुधा पुरते. 'आयईए' खुणेच्या नोंदी संगणकानं केलेल्या असतात, त्या वगळूनही एकदा चालवून पाहा.

केग हा पेशीतल्या अभिक्रियांच्या मार्गांचे नकाशे देणारा संच, १९९५ पासून, क्योटो विद्यापीठातला. चयापचय किंवा जिवाणूंवर काम असेल तर हेच घ्या. रोगांच्या नकाशांवर मात्र डोळे मिटून विश्वास नको: रायबोसोमची जनुकं बदलली की निकालात 'कोविड-१९' सगळ्यात वर येतो, मायटोकॉन्ड्रियाची बदलली की पार्किन्सन, अल्झायमर आणि हंटिंग्टन एकदमच. निष्कर्ष लिहिण्याआधी त्या ओळीतली जनुकं वाचा. शैक्षणिक वापरासाठी संकेतस्थळ मोफत, पण २०११ पासून घाऊक डाउनलोडला वर्गणी लागते. कंपनीत असाल तर आधी परवाना बघा.

रिॲक्टोम हाही अशाच मार्गांचा संच; त्यात प्रत्येक अभिक्रिया तज्ज्ञ लिहितात, दुसरे तपासतात. माणसातली यंत्रणा पायरीपायरीनं हवी असेल तर याला तोड नाही, आणि डेटा पूर्ण खुला. पण बरीच मानवी प्रथिनं अजून त्यात नाहीत, आणि इतर प्राण्यांचे मार्ग मुख्यतः मानवी मार्गांवरून अनुमानानं काढलेले आहेत.

खरं तर निकाल बिघडतात ते निवडीपेक्षा तयारीत. ऊतीत १२,००० जनुकंच व्यक्त (म्हणजे सक्रिय) होत असतील तर पार्श्वभूमी, म्हणजे तुलनेची पूर्ण यादी, म्हणून तीच द्या. सगळी २०,००० दिलीत तर त्या ऊतीची नेहमीची कामंच 'लक्षणीय' ठरतात. माणूस, उंदीर यांच्यासाठी केगला एनसीबीआय या अमेरिकी संस्थेचे जनुक-क्रमांक लागतात. तुमच्याकडे एन्सेम्बल या दुसऱ्या डेटाबेसचे क्रमांक असतील तर त्यातला टिंबानंतरचा भाग आधी काढा आणि रूपांतरात किती जनुकं गळली ते मोजा. एक्सेल 'मार्च१' या जनुकाच्या नावाची तारीख करतं, म्हणूनच २०२० साली त्याचं अधिकृत चिन्ह 'मार्चएफ१' झालं. जुन्या फायलींत हा घोळ अजून सापडतो.

क्लस्टरप्रोफाइलर केगची माहिती त्या क्षणी इंटरनेटवरून ओढतो, जीओची मात्र संगणकावरच्या पॅकेजमधून. त्यामुळे पहिल्याची तारीख आणि दुसऱ्याची आवृत्ती, दोन्ही टिपून ठेवा.