बालवाडीसाठी मॉन्टेसरी की रेजिओ?

फोंड्याला बालवाडी काढणाऱ्या एका ताईने विचारलं म्हणून लिहितेय, ब्रोशरमधलं 'इंटरनॅशनल करिक्युलम' वगैरे सोडून द्या, लहान पोरांना शिकवायच्या या दोन्ही पद्धती इटलीच्याच, एक मारिया मॉन्टेसरी बाईंची, दुसरी रेजिओ एमिलिया नावाच्या शहरातली.

खर्च बघायचा तर मॉन्टेसरी महाग. साहित्य ठरलेलं असतं, गुलाबी मनोरा म्हणजे १ ते १० सेंमीचे १० ठोकळे, त्यात माप चुकलं तर खेळातली मजाच गेली, म्हणून कुठल्याही सुताराकडून होत नाही. आणि आपल्या पावसात लाकूड फुगतं, बुरशी धरते, जूनच्या आधी कपाटाची सोय करा. बोटाने गिरवायची खरखरीत अक्षरं मात्र सँडपेपर कापून घरीच होतात, देवनागरीतसुद्धा. रेजिओला करवंट्या, शिंपल्या, माती, रंग चालतात, फुकटातच म्हणा ना.

पण मेहनत उलटी! मॉन्टेसरीचं ट्रेनिंग एकदा नीट झालं की रोज काय करायचं ते ठरलेलं, शिवाय भारतात याची मुळं जुनी, मॉन्टेसरीबाई स्वतः १९३९ ला चेन्नईच्या अड्यारला आल्या, आणि आपल्याकडे ताराबाई मोडकांनी कोसबाडला हे शिक्षण अंगणवाडीत नेलं. रेजिओत टीचरने पोरं काय बोलतात ते लिहायचं, फोटो काढायचे, त्यातून पुढचा प्रोजेक्ट काढायचा, रोज. अधिकृत रेजिओ शाळा रेजिओ एमिलिया शहराबाहेर नसतेच, तेव्हा फ्रँचायझीचे पैसे कोणी मागितले तर सरळ नाही म्हणा.

नवीन टीचर, सारख्या बदलणाऱ्या, हाताशी थोडं भांडवल असेल तर मॉन्टेसरी. दोन अनुभवी बायका, अंगण आणि वर्गात मोजकी पोरं असतील तर रेजिओ.