विनआयसिस: जुनी तालिका आज उघडायची तर

ग्रंथालयशास्त्राच्या नव्या पदवीधराला विनआयसिस, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं युनेस्कोचं जुनं सॉफ्टवेअर, दाखवलं की पहिला प्रश्न येतो, "आयएसबीएन टाकल्यावर माहिती आपोआप का भरत नाही?" एफडीटी (रकान्यांची व्याख्या), एफएसटी (शोधासाठी कोणते रकाने घ्यायचे याची यादी), एमएफएन (नोंदीचा क्रमांक) हे शब्द त्याच्या कानावरूनही गेलेले नसतात. त्यात त्याचा दोष नाही. पण वाचनालयाच्या निम्म्या नोंदी अजून या फायलींतच अडकलेल्या असतील, तर त्याला हे शिकावंच लागतं.

सॉफ्टवेअर म्हणून युनेस्कोचं हे काम भक्कम होतं. फुकट, हलकं, हव्या त्या लांबीचे रकाने आणि एका पुस्तकाला चार लेखक असले तरी अडचण नाही. एका डेटाबेसला 500 एमबीची मर्यादा आहे, पण तालुक्याच्या वाचनालयाला ती कधी आडवी येत नाही.

आज मात्र ते 64-बिट विंडोजवर सुरूच होत नाही. प्रोग्राम 16-बिट असल्याने कम्पॅटिबिलिटी मोडचाही उपयोग नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) 32-बिट विंडोज एक्सपी टाकून अख्खा फोल्डर त्यात उतरवा आणि 'सिस्पार.पार' फाइलमधला डेटाचा पत्ता तपासा. नोंदी एमएसटी आणि एक्सआरएफ या फायलींच्या जोडीत असतात. शोधाची इन्व्हर्टेड फाइल हरवली तर पुन्हा बांधता येते, पण एफडीटी हरवली की पंचाईत. रकान्यांचे क्रमांक प्रत्येक ग्रंथालयाने आपापल्या सोयीने दिलेले, त्यामुळे 70 म्हणजे लेखक की विषय हे ओळखणं फार अवघड होतं.

खरी डोकेदुखी मराठी नोंदींची, आणि इथे गंमत अशी की जास्त जुना डेटा वाचवणं सोपं. डॉसच्या काळात जिस्ट कार्ड (संगणकावर भारतीय लिप्या आणणारं कार्ड) लावून भरलेल्या नोंदी इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण संकेतात आहेत. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठतात, म्हणून युनिकोडमध्ये जवळपास सरळ उतरतात. नंतर विंडोजवर डीव्ही-टीटी घराण्याच्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी म्हणजे नुसते अक्षरांचे तुकडे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. साधं शोधा-बदला केलं तर 'कविता'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. क्रम लावून देणारा कन्व्हर्टरच हवा, आणि तो नेमक्या त्याच फॉन्टसाठीचा. शिवाय 'आयसिसयूसी.टॅब' ही फाइल शोधासाठी लहान इंग्रजी अक्षरं मोठी करते. फॉन्टमधल्या मराठीत ती दोन वेगळी अक्षरं असल्यामुळे शोधाची यादी मूळ प्रणालीतच बिघडलेली असते. ती यादी पाहून डेटाच गेला असं समजू नका.

कोहा या आजच्या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये नेताना आयएसओ 2709 या नोंदींच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपात निर्यात करा. निर्यात 80 अक्षरांनी ओळ तोडते. ते तुकडे जोडल्याशिवाय मार्कएडिट हे नोंदी सुधारण्याचं सॉफ्टवेअर नोंदी नीट वाचत नाही, कारण नोंदीच्या शीर्षात लिहिलेली लांबी या ओळींचे शेवट धरत नाही. जोडून झाल्यावर '^' हे उपरकान्याचं चिन्ह बदला आणि रकाने मार्क या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाण पद्धतीच्या क्रमांकांवर बसवा. युनिकोडचं रूपांतर रकाने बसवल्यावर करा. आधी केलं तर बाइट वाढतात आणि सगळ्या लांब्या चुकतात. दाखल क्रमांक 952 या प्रतींच्या रकान्यात पी उपरकान्यात, ग्रंथालयाचा संकेत ए आणि बी दोन्हींत, प्रकार वायमध्ये. 952 भरायचा राहून गेला तर पुस्तक तालिकेत दिसतं, पण देवघेवीला प्रतच नसते.

कोहासोबत झेब्रा हे शोधयंत्र वापरणार असाल तर 'डिफॉल्ट.आयडीएक्स'मध्ये सीएचआर ही अक्षरतक्त्याची ओळ काढून आयसीयू ही युनिकोड समजणारी ओळ लावा आणि अनुक्रमणिका पूर्ण नव्याने बांधा. नाहीतर देवनागरी शोध धड लागत नाही.

नव्याने घ्यायला विनआयसिसला शून्य गुण, बाहेर पडायला पाचपैकी चार. एक गुण फॉन्टमुळे गेला, आणि तो फॉन्ट युनेस्कोने दिलेला नव्हता. आयात झाल्यावर क्ष, ज्ञ, रफार आणि ऱ्ह असलेली वीसेक शीर्षकं दाखल नोंदवहीशी ताडून पाहा. नोंदवही रद्दीत घालण्याची घाई मात्र करू नका.