फ्लोकोअर: मॅट्रिक्स बघायला छान, सीएसव्हीत काढताना मात्र जपून

फ्लोकोअर हे आर भाषेतलं, बायोकंडक्टर या संग्रहातलं फ्लो सायटोमेट्रीसाठीचं (पेशींना चमकणारे रंग लावून त्यांचा प्रकाश मोजण्याच्या तंत्रासाठीचं) पॅकेज. ते फुकट आहे आणि उपकरणातून येणाऱ्या एफसीएस फाइलच्या हेडरमध्ये जे लिहिलंय तेच समोर ठेवतं. स्पिलओव्हर मॅट्रिक्सच्या, म्हणजे एका रंगाचा प्रकाश दुसऱ्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये किती गळतो त्या तक्त्याच्या, बाबतीत हाच त्याचा गुण. लेबलं नीट लावण्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे तुमची.

फाइल वाचून 'स्पिलओव्हर' फंक्शन चालवलं की थेट मॅट्रिक्स मिळत नाही, लिस्ट मिळते. उपकरणं मॅट्रिक्स वेगवेगळ्या कीवर्डखाली ठेवतात: कुठे 'स्पिल', कुठे 'स्पिलओव्हर', आणि एफसीएस 3.1 प्रमाणे डॉलर चिन्ह लावलेलं 'स्पिलओव्हर'. त्यातला रिकामा नसलेला घटक उचलायचा.

पुढची अडचण निर्यातीची. कॉलमना डिटेक्टरची नावं असतात, ओळींना नसतात. तसंच सीएसव्हीत लिहिलं तर डावीकडे नुसते 1, 2, 3 येतात. म्हणून आधी कॉलमची नावं त्याच क्रमाने ओळींना द्या. ओळ म्हणजे रंग, कॉलम म्हणजे डिटेक्टर. तपासायची सोपी खूण: एफआयटीसी या रंगाच्या ओळीत पीई या रंगाच्या कॉलमखाली मोठा आकडा हवा, पीईच्या ओळीत एफआयटीसीखाली लहान. उलटं दिसलं तर मॅट्रिक्स ट्रान्सपोज झाली आहे (ओळी आणि कॉलमची अदलाबदल). (फॅक्सडिव्हा या उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तक्त्यात 'पीई वजा % एफआयटीसी' असतं ते हेच मूल्य, फक्त टक्क्यांत.) कर्णाबाहेर बरेच ऋण आकडे आणि कर्णावर 1 पेक्षा मोठे आकडे असतील, तर हातात आलंय ते स्पिलओव्हर मॅट्रिक्सचं व्यस्त (इन्व्हर्स). गळती वजा करणारं 'कॉम्पेन्सेट' फंक्शन व्यस्त स्वतःच काढतं. आधीच उलटवलेली मॅट्रिक्स दिली तर गळती वजा होण्याऐवजी आणखी मिसळते, आणि एररही येत नाही.

तीच सीएसव्ही परत वाचताना 'चेक.नेम्स' बंद ठेवाच. नाहीतर आर 'एफआयटीसी-ए' मधला हायफन बदलून टिंब करतो, नावं फाइलशी जुळत नाहीत आणि 'कॉम्पेन्सेट' अडतं. निदान इथे एरर तरी येते.

दाखवायला पीहीटमॅप हे आरचं पॅकेज चांगलं, पण ओळी आणि कॉलम दोन्हींचं क्लस्टरिंग (सारख्यांना शेजारी आणणं) बंद करा. डिफॉल्टला ते चालू असतं आणि क्रम बदलून कर्ण विस्कटतं. आकडे चित्रात दोन दशांशांपर्यंत ठीक, फाइलमध्ये मात्र गोल करू नका: 0.003 ची गळती चित्रात 0.00 दिसेल, पण 1,00,000 च्या सिग्नलवर ती 300 एकक होते. मंद चमकणारा मार्कर तेवढ्यात बुडतो.

फ्लोजो या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने दुरुस्त केलेली मॅट्रिक्स इथे शोधू नका. ती वर्कस्पेस फाइलमध्ये राहते. एफसीएसच्या हेडरमध्ये उपकरणाने लिहिलेलीच मूल्यं असतात. कॉम्पेन्सेशन न लावता रन केलेल्या फाइलमध्ये तर नुसती एकक मॅट्रिक्सही (कर्णावर 1, बाकी 0) सापडू शकते. दुरुस्त केलेली हवी असेल तर सायटोएमएल पॅकेजने वर्कस्पेस वाचून तिथून काढावी लागते.

स्पेक्ट्रल डेटासाठी (प्रत्येक रंगाचा पूर्ण स्पेक्ट्रम अनेक डिटेक्टरवर मोजला जातो तिथे) हे पॅकेज अपुरंच. पाच लेझरच्या ऑरोरा या स्पेक्ट्रल उपकरणावर फ्लुरोसेन्सचे 64 डिटेक्टर. 20 रंगांचं पॅनल असेल तर अनमिक्सिंगची (मिसळलेले रंग वेगळे करण्याची) मॅट्रिक्स 20 बाय 64 ची. 'स्पिलओव्हर' कीवर्डमध्ये चौरस (ओळी आणि कॉलम सारखेच असलेली) मॅट्रिक्सच बसते, आणि 'कॉम्पेन्सेट'लाही व्यस्त काढायला चौरसच लागते. अनमिक्स झालेल्या फाइलवरून ती 20 बाय 64 ची मॅट्रिक्स परत मिळवण्याची आशा सोडा. रॉ फाइल्स आणि सिंगल स्टेन (एकच रंग लावलेले नमुने) जपून ठेवा, प्रत्येक स्टेनच्या पॉझिटिव्हच्या (रंग चढलेल्या पेशींच्या) मध्यकातून अनस्टेन्डचा (रंग न लावलेल्या नमुन्याचा) मध्यक वजा करा, ओळीतलं सर्वांत मोठं मूल्य 1 करा आणि स्यूडोइन्व्हर्स (चौरस नसलेल्या मॅट्रिक्ससाठीचं व्यस्त) घ्या. ऑटोफ्लुरोसेन्स (पेशींची स्वतःची चमक) हवा असेल तर त्याचा स्पेक्ट्रम ही आणखी एक ओळ. अशी सीएसव्ही देताना प्रत्येक डिटेक्टरचा गेन (सिग्नल किती वाढवला ते) शेजारी लिहा, कारण गेन बदलला की स्पेक्ट्रमचा आकार बदलतो आणि ती मॅट्रिक्स दुसऱ्या दिवशीच्या रनला लागू पडत नाही.