आजोबांचं जॅकेट आणि माझे साडेसत्तेचाळीस हजार

मी वेंगुर्ल्याचा. जुन्या लष्करी वस्तूंचा नाद कॉलेजपासून. पितळी बिल्ले, एक पाण्याची बाटली, दोन पट्टे, एवढ्यावर भागत होतं. मे महिन्यात महामार्गालगतच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तपकिरी चामड्याचं जॅकेट टांगलेलं दिसलं आणि मग भागेना.

दुकानदार म्हणाला, "ए-टू आहे. अमेरिकन वैमानिकाचं." ए-टू म्हणजे काय हे मला वाचून ठाऊक होतं. अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरने १९३१ साली घेतलेलं जॅकेट, बहुतेक घोड्याच्या चामड्याचं. मनगटाला आणि कंबरेला लोकरीची विणलेली पट्टी, पुढे झडपेचे दोन खिसे. आतलं लेबल त्याने उलटून दाखवलं. ऑर्डर नंबरची सुरुवात ४२ ने होती. हे आकडे अमेरिकन सरकारच्या आर्थिक वर्षाचे असतात आणि ते वर्ष जुलैला सुरू व्हायचं, म्हणजे १९४१ च्या जुलैपासूनची ऑर्डर. हे गणित त्याला माझ्या आधी पाठ होतं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पण मी अडकलो गोष्टीत. त्याचे आजोबा म्हणे मुंबईच्या गोदीत कामाला होते. १९४४ साली एका अमेरिकन अधिकाऱ्याने त्यांना हे दिलं. "गोदीचा स्फोट झाला, त्याच्या आदल्या महिन्यात," हे तो इतक्या सहज बोलून गेला की माझ्या अंगावर काटा आला. १४ एप्रिल १९४४, फोर्ट स्टिकीन जहाज, दारूगोळा आणि कापूस. माझे स्वतःचे आजोबा त्या दिवशी माझगावात होते आणि आयुष्यभर तेच सांगत राहिले. आमच्याकडे घराघरातलं कोणी ना कोणी गोदीत नाहीतर बोटीवर असायचंच. ती गोष्ट खोटी ठरवणं म्हणजे आपल्याच आजोबांना खोटं ठरवल्यासारखं वाटतं. दुकानदाराला हे नेमकं कळलं होतं.

आणखी एक गोष्ट म्हणजे बुरशी. जॅकेटवर ठिकठिकाणी पांढरी बुरशी होती, कॉलरला चिरा, अस्तराला कुबट वास. मला वाटलं, ऐंशी वर्षांचं असंच दिसणार. अरे, कोकणात चांगली चप्पल एका पावसाळ्यात बुरसटते! इथल्या दमट हवेत पाच वर्षांचं चामडं पन्नास वर्षांचं दिसतं. हे मला, इथेच जन्मलेल्या माणसाला, त्या दुकानात आठवलं नाही.

अडतीस हजारांना सौदा ठरला. मग तो म्हणाला, "असंच नेऊ नका, बुरशी पसरेल. चेनही अडकते. आमचा कारागीर आहे, जुन्यासारखं करून देतो." आणखी साडेनऊ हजार. तीन आठवड्यांनी जॅकेट हातात आलं तेव्हा चेन नवी, पट्ट्या नव्या, चामड्यावर रंगाचा हात फिरवलेला. जुनी चेन मागितली तर म्हणाला, "मोडकी होती, टाकून दिली." तेव्हा मला त्यात काही खुपलं नाही.

घरी आणलं. आई म्हणाली, "ह्या मेलेल्या घोड्याचा कातडा घरात कित्या हाडलंस रे?" मी अंगात घातलं, बाजूच्या खिशात हात घातले, आरशात पाहिलं. मे महिन्याचा उकाडा, पाच मिनिटांत घाम. तरी उतरवावंसं वाटेना.

आमच्या बाजारात एक म्हातारे शिंपीकाका आहेत. ऑगस्टमध्ये खिशाच्या आतलं कापड उसवलं म्हणून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिशाच्या आतून, जिथे कारागिराचा हात पोचलाच नव्हता तिथून, बोटभर धागा ओढून काढला आणि काडी पेटवली. मला वाटलं, आता राख होईल. धागा आक्रसला, टोकाला काळा टिपूस जमला, थेंब झाला. त्यांनी तो नखाने दाबला. खडा. सुती धागा जळला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि उरते ती भुरभुरीत राख. "झिला, ह्यो धागो पॉलिस्टरचो आसा," ते म्हणाले. पॉलिस्टर शोधलं गेलं १९४१ साली इंग्लंडमध्ये, आणि कपड्यात आलं युद्ध संपल्यावर. १९४२ च्या अमेरिकन जॅकेटात ते कुठून येणार?

त्या रात्री मी जॅकेट टेबलावर पसरलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. ज्या बाजूच्या खिशांत मी ऐटीत हात घालत होतो, ते खिसे खऱ्या ए-टूला नसतातच. पाठ अखंड एका तुकड्याची हवी, हिच्या मधोमध शिवण. आणि लेबल? तसली लेबलं नवी शिवून मिळतात. ऑर्डर नंबरवरून वैमानिकाचं नाव सापडेल असंही दुकानदाराने सांगितलं होतं. मी चार रात्री शोधत बसलो होतो. तो नंबर कंत्राटाचा असतो, एका कंत्राटातली हजारो जॅकेटं त्याच नंबरची.

दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चेन बदलली, पट्ट्या बदलल्या, धागा बदलला. दुरुस्ती तुम्हीच सांगितलीत. आता ओरिजिनल होतं की नाही ते मी कसं सांगू?" तेव्हा कळलं, साडेनऊ हजारांत मी काय विकत घेतलं होतं. त्याच्याविरुद्धचा पुरावा मीच पैसे देऊन काढून टाकला होता.

सुदैवाने सौद्याआधी त्याने पाठवलेले फोटो फोनमध्ये होते. एकात चेनची पकड मोठी करून पाहिली तर अक्षरं दिसली, वायकेके. जपानी कंपनी. युद्धकाळातल्या अमेरिकन जॅकेटांवर टॅलन, कॉनमार, क्राउन अशा चेनी असत. पण पावती काढली तर तिच्यावर फक्त "जुने लेदर जॅकेट, दुरुस्तीसह" एवढंच. ए-टू नाही, १९४२ नाही, आजोबा तर नाहीतच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, म्हणून तिथेही जाणार आहे, पण त्या पावतीकडे पाहिलं की उत्साह ओसरतो.

तुमच्यापैकी कोणी असं काही घेणार असेल तर पावतीवर वस्तूचं नाव आणि वर्ष लिहून घ्या, लिहायला नाही म्हणाला तर तिथेच उठा. काहीही दुरुस्त करण्याआधी चेनेचे, शिवणीचे, अस्तराच्या आतल्या बाजूचे फोटो घ्या. काढलेली प्रत्येक वस्तू, अगदी तुटकी चेनसुद्धा, परत मागा. चामडं खरंच जुनं असेल तर बूट पॉलिश, खोबरेल, रंग काही लावू नका. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर सावलीत झाडायची, उन्हात वाळत घालायचं नाही, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही. मी तर कोंडलं होतं.

मागच्या आठवड्यात कुडाळच्या एका मित्राला मुद्दाम त्या दुकानात पाठवलं. तसंच एक जॅकेट टांगलेलं होतं. किंमत बेचाळीस हजार. आजोबा या वेळी कराचीच्या विमानतळावर स्वयंपाकी होते.