जात्यावरची ओवी आणि शेतातली भलरी

बेळगाव-खानापूर पट्ट्यात बायकांच्या गाण्यांची दोन घरं: पहाटेचं जातं आणि भाताचं शेत.

जात्यावर एकटी, नाहीतर खुंट्याला समोरासमोर दोघी. ऐकायला पुरुष नाही, म्हणून सासूचा जाच, माहेरची ओढ, न येणारा भाऊ, सगळं ओवीत उतरायचं. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सुरू केलेल्या कामातून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. सीमाभागात शेजारच्या कन्नड घरातही दळताना त्रिपदी, म्हणजे तीन ओळींचं गाणं, म्हटली जायची. तिथंही माहेरच आठवायचं.

भलरी म्हणजे शेतात काम करताना म्हणायचं गाणं, ती उघड्यावरची. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. तिनं हात एका लयीत चालतात, कंबर मोडणारं काम हलकं होतं. पण बांधावर मालक उभा असताना मनातलं कोण बोलणार?

म्हणून मला ओवी जवळची. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगलं झालं. मात्र हक्कानं बोलायची ती पहाटही गेली. घरात आजी असेल तर तिच्या ओव्या आजच मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या.