पाच व्होल्टची कटकट: बॅली पिनबॉलमधला स्विचिंग रेग्युलेटर, हिवाळाभर वापरल्यावर

आमच्या बेसमेंटमध्ये बॅलीचं ‘एट बॉल डिलक्स’ आहे, १९८१ चं. त्याच्या सोलेनॉइड ड्रायव्हर बोर्डावर (चेंडू उडवणाऱ्या विद्युतचुंबकांना आणि इतर बोर्डांना वीज पुरवणारा बोर्ड) पाच व्होल्ट स्थिर ठेवणारा मूळचा रेग्युलेटर, एलएम-३२३के, काढून त्याच भोकांत बसणारं स्विचिंग मॉड्यूल लावलं; हे वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्ट कमी करतं. शिकागोच्या हिवाळ्यात घरातच बसायचं असतं, त्यामुळे मशीन भरपूर खेळलं गेलं. आता खात्रीने सांगता येईल.

तक्रार अशी होती: चालू करताना एमपीयू बोर्डावरचा (मशीनचा मेंदू असलेला बोर्ड) एलईडी सातही वेळा नीट लुकलुकायचा. सातवी लुकलुक म्हणजे ४३ व्होल्टची सोलेनॉइड लाइनही हजर, तपासणी पूर्ण. आणि मग मशीन तापलं की ऐन रंगलेल्या डावात सगळं जागच्या जागी गोठायचं.

मॉड्यूल उत्तम आहे. जुन्या रेग्युलेटरला साधारण १२ व्होल्ट मिळतात, तो ५ देतो आणि मधले ७ उष्णता म्हणून जाळतो. दोन अँपिअर ओढले तर १४ वॅट! हीटसिंकला बोट लावायची सोय नव्हती. आता तो जेमतेम कोमट असतो. हे मशीन बोलतं, त्यामुळे स्पीकरमध्ये बारीक शिट्टी येईल अशी धास्ती होती. ती आली नाही.

पण गोठणं थांबलं ते मॉड्यूलमुळे नाही, आणि हे मला ठासून सांगायचं आहे. मॉड्यूल बसवल्यावर ड्रायव्हर बोर्डाच्या टीपी-१ या तपासणी-बिंदूवर ५.०२ व्होल्ट होते आणि त्याच वेळी एमपीयूवरच्या चिपच्या पायांवर ४.७१. या जातीच्या चिपना किमान ४.७५ लागतात. मधले तीन दशांश व्होल्ट गेले कुठे? काळी प्रोब रेग्युलेटरच्या ग्राउंडवर धरून लाल प्रोब चिपच्या ग्राउंड पायावर लावली, तर तिथेही जवळपास निम्मी गळती दिसली. म्हणजे जायची वाट जितकी खराब, तितकीच परतीची. भिंगातून पाहिलं तर कनेक्टरच्या पिनांभोवती डागात केसाएवढ्या गोल भेगा. बोर्डावरच्या पिना बदलल्या, तारांच्या टोकांना पिन तीन बाजूंनी पकडणारे नवे क्रिंप (दाबून बसवायचे धातूचे जोड) लावले, सी-२३ या कॅपॅसिटरच्या ऋण पायापासून ग्राउंडला जाड तार टाकली. आता चिपवर ४.९८ मिळतात आणि तेव्हापासून मशीन एकदाही गोठलेलं नाही.

सी-२३ हा ११,७०० मायक्रोफॅरडचा मोठा कॅपॅसिटर, रेग्युलेटरकडे जाणाऱ्या विजेतले चढउतार सपाट करणारा. चाळीस वर्षांचा असेल तर विचार न करता बदला. मीटर एसीवर ठेवून टीपी-५ (रेग्युलेटरला मिळणाऱ्या १२ व्होल्टचा बिंदू) तपासा. एक व्होल्टच्या वर आकडा गेला तर तो संपलाय, किंवा एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधला एखादा डायोड गेलाय. स्विचिंग मॉड्यूल अशी खराबी बराच काळ सोसून घेतं, म्हणून ती लपून राहते. मॉड्यूलची मला खटकलेली गोष्ट एवढीच.

एलएम-३२३के चांगला चालत असेल तर आधी पैसे कनेक्टरवर घाला. त्याच ड्रायव्हर बोर्डावर डिस्प्लेचे १९० व्होल्टही असतात, मशीन बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ते काही वेळ टिकतात. हात घालण्याआधी मीटरने बघा. मी ते बोर्डावरचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचं छोटं नियंत्रण) फिरवून १७० वर आणलेत. अंक तेवढेच स्पष्ट दिसतात आणि जुन्या काचांवरचा ताण कमी होतो.